आरटीएक्स ५०९० साठी जुना ८५० वॅटचा एसएमपीएस पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा: रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर आहे, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) २०२१ साली घेतलेला ८५० वॅटचा गोल्ड आहे, आणि आता त्यावर आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचं आहे. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इमारतींच्या रेंडरचं, म्हणजे मॉडेलवरून चित्रं तयार करण्याचं, रात्री थोडं गेमिंग. एक दुकानदार म्हणतो ‘८५० वर आरामात चालतंय’. दुसऱ्याने १६०० वॅटचा एसएमपीएस, स्टॅबिलायझर आणि खोलीला वेगळी वायरिंग, असं सगळं यादीत घातलंय. घरात साधा इन्व्हर्टर आहे आणि लाइट अधूनमधून जाते. यातलं खरं किती?

दोघांचंही ऐकू नका. ८५० वर हे कार्ड चालवू नका, आणि १६०० ची गरज नाही. कार्डाची कंपनी एनव्हिडिया, तिची स्वतःची शिफारस किमान १००० वॅटची आहे. तुमच्या कामाला मी १२०० वॅटचा, एटीएक्स ३.१ (एसएमपीएसच्या मानकांची नवी आवृत्ती) चा आणि कार्डासाठी स्वतःची १६ पिनांची केबल असलेला एसएमपीएस घेईन. स्टॅबिलायझर नको. वेगळी वायरिंग बहुधा नको, पण अर्थिंग तपासून घ्या.

उत्तर एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण वॅटची बेरीज हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि दुकानात चर्चा नेमकी त्याच्यावरच होते. वॅट कमी पडले तर मशीन बंद पडतं, फार तर रेंडर वाया जातं. जळतात त्या पिना, आणि त्यांचा हिशेब अँपिअरमध्ये करावा लागतो.

आधी बेरीज उरकू. ५०९० चा अधिकृत आकडा ५७५ वॅट. ७९५०एक्सवर खोक्यावर १७० लिहिलेलं असतं, पण बोर्डाच्या सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत घेऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, लिक्विड कूलरचा पंप मिळून ६०–८० धरा. एकूण झाले साधारण ८७५. गेम खेळताना प्रोसेसर क्वचितच शंभर-सव्वाशेच्या वर जातो, म्हणून ‘माझ्याकडे ८५० वर चालतंय’ म्हणणारे गेमर भेटतात आणि ते खोटंही बोलत नसतात. तुमचं तसं नाही. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींवर टिक केलीत की दोघंही एकाच वेळी पूर्ण जोर लावतात, तेही गेमसारखं कमी-जास्त होत नाही, तासन्‌तास तसंच. चार-पाच वर्षं वापरलेल्या एसएमपीएसकडून त्याच्या कमाल आकड्याच्या वरचं काम रात्रभर मागणं म्हणजे रात्री दोनला रेंडर बंद पडण्याची सोय करून ठेवणं.

आता झटक्यांचं. कार्ड सरासरी ५७५ वॅट घेतं, पण ते संथपणे घेत नाही. जीपीयूवरचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपवरचा लोड सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात बदलतो आणि त्या तेवढ्या वेळापुरती मागणी दीडपटीच्या आसपास उसळते. सॉफ्टवेअरमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे सेकंदाला एक-दोन वेळाच आकडा घेतला जातो. एसएमपीएसला मात्र दिसतं. २०२० मध्ये ३०८० आणि ३०९० आली तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आला: ३२० आणि ३५० वॅटची कार्डं, उत्तम प्रतीचे ७५०-८५० चे एसएमपीएस, आणि तरीही गेम सुरू असताना मशीन टप्पकन बंद. एसएमपीएस खराब नव्हते. उसळी आली की त्यांना तो शॉर्ट किंवा ओव्हरलोड वाटायचा आणि संरक्षण म्हणून ते स्वतःला बंद करून घ्यायचे.

यावरचा उपाय म्हणून २०२२ च्या सुरुवातीला एटीएक्स ३.० ही मानकं आली. त्यांच्या अटीनुसार एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या आकड्याच्या दुप्पट भार झेलला पाहिजे. म्हणजे ८५० वॅटचा एटीएक्स ३ एसएमपीएस आणि तुमचा २०२१ चा ८५० वॅटचा एसएमपीएस यांच्यावर आकडा एकच असला तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ‘गोल्ड’चा याच्याशी काही संबंध नाही. गोल्ड, ब्राँझ, प्लॅटिनम हे शिक्के फक्त किती वीज वाया जाते ते सांगतात. उसळी झेलण्याबद्दल, आतल्या कपॅसिटरबद्दल, संरक्षणाबद्दल ते गप्प असतात. आपल्याकडे मात्र ‘गोल्ड आहे ना, मग झालं’ हे वाक्य काउंटरवर ठरलेलं.

बंद पडण्याची खूण ओळखता आली पाहिजे, नाहीतर माणूस उगाच रॅम बदलत बसतो. एसएमपीएसने स्वतःला बंद केलं असेल तर निळा स्क्रीन येत नाही, चित्र गोठत नाही, सरळ अंधार. बऱ्याचदा पुढचं बटण दाबूनही मशीन उठत नाही, मागचा स्विच बंद करून थोडं थांबून परत चालू करावा लागतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते आणि लोक तिला कारण समजतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता गेलं. लाइट गेली तरी तीच नोंद पडते.

आणि आता मूळ मुद्दा, कनेक्टर. यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे पैसे जळतात.

जुना ८ पिनांचा कनेक्टर १५० वॅटचा. त्यात १२ व्होल्टच्या तारा तीन. १५० ला १२ ने भागलं तर साडेबारा अँपिअर, म्हणजे तारेमागे चारच्या जरा वर. त्या जाडजूड पिना याच्या जवळजवळ दुप्पट सहज पेलतात. म्हणून वर्षानुवर्षं आपण ते कसेही खुपसले, दोन डोकी असलेली एकच केबल दोन्हीकडे लावली, तरी फारसं काही झालं नाही. ती चंगळ होती.

१६ पिनांच्या नव्या कनेक्टरला ६०० वॅटची परवानगी आहे आणि त्यात १२ व्होल्टच्या तारा सहा. ५०९० पूर्ण जोरात असताना जवळपास ४८ अँपिअर येतात, प्रत्येक तारेला ८. पिन झेपवू शकते साडेनऊच्या आसपास. राखीव जागा पंधरा-वीस टक्के, तीही सहाही तारांत प्रवाह अगदी समान वाटला गेला तर. आणि नेमकं तेच गृहीत धरता येत नाही. एखादी पिन नीट टेकली नाही की तिच्यातून प्रवाह कमी जातो आणि तिचा वाटा उरलेल्या पाचांवर पडतो.

सांध्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. समजा एका पिनेच्या सांध्याचा रोध ५ मिलिओहम आहे. ८ अँपिअरला तिथे अर्धा वॅटही तयार होत नाही, ०.३२ वॅट. त्याच पिनेतून २० अँपिअर गेले तर पूर्ण २ वॅट, सहापट. तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूच्या तुकड्यावर, प्लॅस्टिकच्या पोटात, २ वॅट. धातू तापला की पकड सैल होते, सैल झाली की रोध वाढतो, आणि पुढचं वितळलेल्या कनेक्टरांच्या फोटोत दिसतंच. २० अँपिअर हा आकडा मनाने घेतलेला नाही: फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या डेअरबाउअर या ओव्हरक्लॉकरने (चिप ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवून पाहणारा) ५०९० च्या केबलमधल्या काही तारांमधून २० च्या वर अँपिअर मोजून दाखवले होते, बाकीच्यांमधून खूपच कमी.

कार्डाला हे कळत का नाही? कारण बहुतेक ५०९० मध्ये सहाही तारा आत शिरल्या शिरल्या एकत्र जोडल्या जातात. कार्डाला एकूण ४८ अँपिअर दिसतात. ते सहा रस्त्यांनी आले की दोन, हे दिसत नाही. ३०९० टीआय मध्ये तसं नव्हतं. तिथे तारा तीन जोड्यांत विभागून प्रत्येकीवर वेगळी नजर होती, आणि ४५० वॅटचं कार्ड असूनही त्याच्या पिना वितळल्याच्या बातम्या जवळपास आल्याच नाहीत. त्यानंतरच्या पिढ्यांत ही विभागणी काढून टाकली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा एकच निर्णय खरा चुकीचा होता. बाकी सगळं त्याचे परिणाम. असूसच्या अ‍ॅस्ट्रल मालिकेत पिनेगणिक प्रवाह मोजायची सोय आहे आणि बिघाड दिसला तर ते कार्ड सूचना देतं. तेवढ्यासाठी जास्त पैसे देणं मला पटतं. कार्डावरच्या रंगीत दिव्यांसाठी नाही.

२०२२ च्या शेवटी आधीच्या पिढीतल्या ४०९० कार्डाची अडॅप्टर वितळू लागली तेव्हा एनव्हिडियाने सांगितलं की कनेक्टर पूर्ण आत बसवलेला नव्हता. बऱ्याच प्रकरणांत ते खरं होतं. पण अर्धवट बसला तरी चालू होतो आणि तक्रार करत नाही, हा कनेक्टरचाही दोष म्हणायला हवा. म्हणूनच १२व्ही-२×६ ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात कार्डाच्या बाजूच्या चार बारीक संकेत-पिना आखूड केल्या आणि वीजवाहक पिना किंचित लांब. उद्देश असा की कनेक्टर पुरता आत गेला नाही तर संकेतच मिळू नये आणि कार्डाने वीज ओढू नये. ५०९० ला हाच येतो. अर्धवट बसण्याची भीती त्याने कमी झाली. प्रवाहाच्या असमान वाटपावर त्याने काहीच केलं नाही.

तेव्हा बसवताना: केबल आधी कॅबिनेटच्या बाहेर, टेबलावर कार्डात बसवून पाहा, म्हणजे पूर्ण गेल्यावर हाताला कसं लागतं ते कळतं. ‘टक’ असा आवाज येईलच असं नाही, तेव्हा कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा: कार्ड आणि कनेक्टर यांच्यात नखाएवढीही फट दिसता कामा नये. कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ राहू द्या, वळवायची ती त्यानंतर, आणि आडवी मुरडू नका. काचेचं पॅनल केबलला दाबत असेल तर कॅबिनेट लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून मिळणारे काटकोनी अडॅप्टर हा त्यावरचा उपाय नाही. केबलमॉड या केबली बनवणाऱ्या कंपनीने आपले असे अडॅप्टर परत मागवले होते. आणि हौसेने दर रविवारी काढून पुसायचा हा कनेक्टर नव्हे. तो तीसेक वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबाने बनवलेला आहे.

५०९० च्या खोक्यात ८ पिनांच्या चार केबली एकत्र करणारं अडॅप्टर मिळतं, मग जुनाच एसएमपीएस का नको, असं मनात येईल. अडॅप्टर म्हणजे वाढीव सांधे. एसएमपीएसकडून चार वेगळ्या केबली येत असतील तरच ते नीट चालतं. ८५० च्या जुन्या मॉडेलांत बऱ्याचदा दोन किंवा तीनच केबली आणि प्रत्येकीला दोन डोकी असतात. कागदावर चार जागा भरतात, पण एसएमपीएसच्या बाजूला सगळा भार दोन-तीन सॉकेटांवर येतो.

एक सूचना नवा एसएमपीएस बसवताना, कारण इथे सर्रास घोटाळा होतो. जुन्या एसएमपीएसच्या केबली आधीच कॅबिनेटमागे छान बांधलेल्या असतात, त्या तशाच ठेवून नव्यात खुपसायचा मोह होतो. करू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. बसते तंतोतंत, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन सगळ्या हार्ड डिस्क एका क्षणात जातात. जुन्या केबली एकूण एक बाहेर काढा आणि जुन्या एसएमपीएसबरोबरच त्याच्या खोक्यात ठेवा.

आता ५७५ वॅट वापरायलाच हवेत का, याबद्दल. माझं स्पष्ट मत: रेंडरला नकोत. चिपची वीजखपत व्होल्टेजच्या वर्गाने आणि क्लॉकच्या (चिपच्या वेगाच्या) प्रमाणात वाढते, आणि शेवटचे शे-दोनशे मेगाहर्ट्झ गाठायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. कंपनी ते चढवते, कारण तुलनेच्या आलेखात चार टक्के वर दिसायचं असतं. तुम्ही मर्यादा ४५० वॅटवर आणलीत तर बहुतेक रेंडरमधला फरक एकआकडी टक्क्यांतच राहतो. अर्ध्या तासाची फ्रेम दोन मिनिटं उशिरा आली तर ग्राहकाला कळत नाही. पण पिनेमागचा प्रवाह ८ वरून सव्वासहावर येतो, आणि वर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो: सांध्यातली उष्णता जवळजवळ चाळीस टक्के कमी. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिटची पट्टी ७८ टक्क्यांवर ओढा, किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून एनव्हिडिया-एसएमआय या कमांडला ४५० ची मर्यादा द्या. दुसरी पद्धत मशीन रीस्टार्ट केल्यावर विसरली जाते, तेव्हा ती सुरुवातीलाच आपोआप चालेल अशी लावून ठेवा. स्टुडिओंसाठी मी जी रेंडर मशीनं जोडून देतो, ती मर्यादा लावल्याशिवाय जात नाहीत.

मग ४५० वर चालवणार असाल तर ८५० का नको, असा वकिली प्रश्न येणार. ४५० अधिक २३० अधिक ७०, म्हणजे ७५०. बेरजेत बसतं. पण मर्यादा सरासरीवर लागू होते, उसळ्यांवर नाही. ड्रायव्हर अपडेट झाला, आफ्टरबर्नर सुरू व्हायचं राहिलं, की कार्ड परत ५७५ वर. आणि अडॅप्टरचे सांधे आहेतच. काही लाखांच्या कार्डापुढे नव्या एसएमपीएसचे पैसे मोजताना हात आखडू नका. नाहीतर ५०८० बघा. ते ३६० वॅटचं आहे, शिफारस ८५० चीच आहे, आणि तेच कनेक्टर असलं तरी पिनेमागे पाच अँपिअरच येतात. तुमची दृश्यं १६ जीबी मेमरीत मावत असतील तर मी आधी तेच सुचवेन. मावत नसतील तर विषय संपला. ५०९० चे ३२ जीबी लागणारच.

घरातल्या विजेचं पटकन. पूर्ण भाराला भिंतीतून साधारण ९५० वॅट ओढले जातील, २३० व्होल्टला चार-सव्वाचार अँपिअर. ६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटला हे झेपतं. झेपत नाही ते स्वस्तातल्या स्पाइक गार्डला, ज्यावर मॉनिटर, स्पीकर आणि एखादी इस्त्री पण लटकलेली असते. मशीन थेट भिंतीत लावा. जवळ १६ अँपिअरचा पॉइंट असेल तर उत्तम. स्टॅबिलायझर नको, कारण चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपणहून सांभाळतात. अर्थिंग मात्र हवंच. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नाही, असं समजा: एसएमपीएसच्या फिल्टरमधली गळती जमिनीत जायची ती तुमच्यातून जातेय. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत असावं.

इन्व्हर्टरवर हे मशीन ठेवू नका. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ९०० वॅटचा नसतो, आणि पंखे-दिवे त्यावर आधीच असतात. ६०० किंवा ११०० व्हीएच्या साध्या यूपीएसचंही तेच. ११०० व्हीएवर बारीक अक्षरांत ६६० वॅट लिहिलेलं सापडेल. लाइट जाताच तो ओव्हरलोड होऊन कोसळेल, म्हणजे यूपीएस असून नसल्यासारखा. घ्यायचा तर २ केव्हीएचा ऑनलाइन, प्युअर साइन वेव्ह. तो महाग वाटत असेल तर ब्लेंडरमध्ये व्हिडिओऐवजी एकेक फ्रेम वेगळ्या फाइलमध्ये साठवा. लाइट गेली तर फार तर चालू फ्रेम जाते. हा उपाय फुकट आहे.

बिलाचं लोक विचारत नाहीत, नंतर फोन करतात. ८०० वॅटने रोज सहा तास म्हणजे ४.८ युनिट, महिन्याला १४४. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतात, त्यामुळे ही १४४ युनिटं तुमच्या सध्याच्या वापराच्या डोक्यावर बसून वरच्या दराने लागतात. शिवाय ते ८०० वॅट शेवटी उष्णताच होऊन खोलीत येतात, छोटा रूम हीटर लावावा तसे. एप्रिल-मे मध्ये एसीला ती उचलून बाहेर टाकावी लागते. टनाच्या हिशेबात जवळजवळ पाव टन वाढीव. ४५० ची मर्यादा इथेही कामाला येते.

सगळं जोडून झालं की ब्लेंडरमध्ये कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींवर एखादं जड दृश्य अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६ पिनांच्या कनेक्टरचं व्होल्टेज बघा. १२ च्या आसपास असावं, ११.४ च्या खाली जाता कामा नये. भाराखाली जो आकडा दिसेल तो लिहून ठेवा आणि महिन्याभराने तेच दृश्य चालवून ताडून पाहा. तेवढ्याच भाराला आकडा आधीपेक्षा खाली घसरलेला दिसला तर सांधा सैल होतोय. अशा वेळी मशीन बंद करून कनेक्टर काढा आणि दोन्ही टोकं, एसएमपीएसकडचंसुद्धा, टॉर्चच्या उजेडात बघा. प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा एखादी पिन काळवंडली असेल तर ती केबल परत लावू नका. फोटो काढून कार्ड आणि एसएमपीएस दोघांच्याही वॉरंटीकडे एकाच दिवशी तक्रार नोंदवा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत राहतो.